दार लाव गो, पाणी येतंय

माझी धाकटी बहीण नंदा गेली त्याला दीड महिना झाला. शेवटचे दोन दिवस ती एकच वाक्य बोलत होती आणि मी तिच्यावर खेकसत होते, हे आधीच सांगून टाकते. नंतर धीर होणार नाही.

वाक्य आमच्या आईचं. चिपळूणला बाजारपेठेत आमचं घर होतं. नंदा सहा वर्षांची असताना वाशिष्ठीचं पाणी ओटीपर्यंत चढलं आणि आई ओरडली, "दार लाव गो, पाणी येतंय!" नंदा तोवर जवळजवळ बोलतच नव्हती. त्या दिवसापासून ते वाक्य तिच्या तोंडात बसलं, आईच्या आवाजासकट. मिक्सर लागला की म्हणायची, लग्नाच्या मांडवात म्हणायची, भर वैशाखातही म्हणायची. गावाने तिला अर्धवट ठरवलं, डॉक्टरांनी दाखल्यावर 'मतिमंद' लिहिलं. आम्ही भावंडं हसायचो... अठ्ठ्याण्णव साली आई गेली, त्या दिवशी तर तिने सकाळपासून धोशा लावला. जमलेली माणसं काय म्हणतील म्हणून मी तिला मागच्या खोलीत कोंडून ठेवलं.

मग मी तिला रत्नागिरीला माझ्याकडे आणलं. दाराजवळच्या बाकड्यावर बसून बटणांचा डबा हलवत राहायची. कुणाच्या अध्यात ना मध्यात. पाच वर्षं अशी गेली. यंदा गणपती झाले आणि तिने पुन्हा तेच सुरू केलं. जेवेना. "लावलंय गो बाय दार," म्हणत मी तीनदा कडी वाजवून दाखवली. चौथ्यांदा पाठीत धपाटा घातला. तिसऱ्या दिवशी अंग तापलं, पोट दगडासारखं झालं. दवाखान्यात डॉक्टरांनी तिला विचारलं, "दुखतंय का?" ती म्हणाली, "दुखतंय का." मीच शहाणी, म्हटलं, "तिला विचारून उपयोग नाही, नुसती पोपटपंची करते." अपेंडिक्स फुटलं होतं. उशीर झाला, असं डॉक्टर म्हणाले.

भेटायला आलेल्यांत शेजारच्या एक बाई होत्या. विशेष मुलांना शिकवतात. त्यांना मी त्या वाक्याचं सहज सांगितलं. ती ते पहिल्यांदा कधी म्हणाली, हे त्यांनी विचारून घेतलं. मग म्हणाल्या, "ताई, हा ऑटिझम असावा, मराठीत स्वमग्नता म्हणतात. आणि ऐकलेलं तसंच्या तसं बोलण्याला इकोलालिया. ती पोपटपंची नसते बरेचदा. भीती वाटली त्या दिवशी जे कानावर पडलं, तेच ती भीतीसाठी वापरत असेल. दुखण्यासाठीही."

असेल, म्हणाल्या. मी मात्र एकेक प्रसंग आठवून पाहिला. दाढ सुजली तेव्हा. आई गेली तेव्हा. जन्मभर ती एका वाक्यात सगळं सांगत होती आणि आम्ही उठून दार बघत होतो. आता हे शब्द शिकून मी काय करू?

परवा संध्याकाळी तिचा डबा मांडीवर घेऊन बाकड्यावर बसले होते. माझ्या यजमानांनी पेपर खाली ठेवून विचारलं, "काय होतंय तुला?" माझ्या तोंडातून आलं, "दार लाव गो, पाणी येतंय."

ते उठले, दाराला कडी घातली आणि पुन्हा पेपर वाचायला बसले.