मोगऱ्याच्या टोपलीतलं पिल्लू

दरवर्षी मी पाचवीच्या मुलांना ठणकावून सांगते: पाखराच्या पिल्लाला हात लावू नका, माणसाचा वास लागला की आई त्याला परत जवळ करत नाही. त्यामुळे आमच्या वाडीत मोगऱ्याखाली पडलेलं बुलबुलाचं पिल्लू मी उचललं, तेव्हाच ठरवून टाकलं, आता याचं सगळं मलाच करायचं.

लेक नुकतीच कॅनडाला गेली होती. घर खायला उठत होतं. फुलं खुडायच्या टोपलीत जुनी ओढणी अंथरून पिल्लाला ठेवलं. सकाळी उठून वाडीत नाकतोडे पकडायचे, अंड्याचा बलक कुस्करायचा, अर्ध्या-अर्ध्या तासाने चिमट्याने भरवायचं. मी शाळेत असताना हे काम धाकट्या जावेकडे. तिचं माहेर पाचूबंदरच्या कोळीवाड्यातलं. संध्याकाळी विचारलं की म्हणायची, "पोट भरून खाल्लं, ताई. चिमटा दिसला की चोच उघडतं." माझा जीव भांड्यात पडायचा.

आठव्या दिवशी शाळा लवकर सुटली. घरी आले तर टोपली चिकूच्या फांदीला टांगलेली, आणि तिच्या कडेवर बसून बुलबुलाची जोडी पिल्लाला आळीपाळीने भरवत होती. माझा चिमटा ओट्यावर, कोरडाठाक.

जाऊ ओशाळली. "पहिल्या दिवसापासून येतात, ताई. तुम्ही गेल्या की टांगते, तुम्ही यायच्या आत काढते. पन तुम्हाला सांगू कशी? तुमचा जीव रमला होता."

पिल्लू जगलं याचा आनंद व्हायला हवा होता. नाही झाला. एका घरात राहून हिने मला आठ दिवस खुळ्यात काढलं, याचाच संताप आला. मी टोपली खाली काढली, नाकतोडा पुढे धरला. पिल्लाने चोच मिटून घेतली आणि मान वळवून फांदीकडे बघत बसलं. मग टोपली परत टांगली, तीही रागानेच.

संध्याकाळी लेकीचा व्हिडिओ कॉल आला. तिच्यापाशी सगळं भडाभडा बोलले. माझ्या बाजूने बोलणारं तेवढं एकच माणूस होतं.

"आई, चिडू नकोस ना. काकी मला रोज फोटो पाठवायची."

आठ दिवस याच पोरीने मला रोज विचारलं होतं, "आज किती खाल्लं गं त्यानं?" आणि मी तिला एकेक नाकतोडा मोजून सांगत होते.