चंद्रीचं नाव

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलासुद्धा नाही. ती गेली तेव्हाही लोक आमच्या दारातल्या गुलाबाकडं बोट दाखवून म्हणत होते, हा मास्तरांनी तयार केलेला.

चौतीस-पस्तीस साल असेल. मी बारामतीला हेडमास्तर होतो. शेळगावचे दगडूतात्या मळ्यात वांगी-मिरची लावायचे, पण बांधाला गुलाब. कोंबडीच्या पिसानं एका जातीचे पराग दुसरीच्या फुलात सोडायचे, फळ धरलं की त्याचं बी पेरायचे. कितीतरी रोपं वाया गेली. सातव्या वर्षी एक फूल आलं — आतून गडद लाल, पाकळीची पाठ दुधासारखी. त्याच साली त्यांची नऊ वर्षांची चंद्री तापानं गेली होती. गुलाबाला त्यांनी तिचं नाव दिलं. मीही गुलाबवेडा, म्हणून एक फांदी मला दिली.

आणि मी? ते फूल पुण्याच्या प्रदर्शनात मांडलं — माझ्या लेकीच्या नावानं, ‘उषाराणी’. तयार करणारा, मी. पहिलं बक्षीस मिळालं. चुकून झालं का हे? नाही. घरून ठरवून गेलो होतो.

दोन वर्षांनी पुण्याचे एक गृहस्थ आले. गुलाबांच्या जातींवर पुस्तक लिहीत होते. इंदापुरात एका बागेत त्यांना हाच गुलाब ‘चंद्री’ म्हणून दिसला होता. मूळ शेळगावचं, असं तिथला माळी म्हणाला. खरं काय ते बघायला ते मला घेऊनच तात्यांच्या मळ्यात गेले.

तात्या बोलायच्या आत मी म्हणालो, फांदी मीच यांना दिली, ‘चंद्री’ हे यांनी घरगुती नाव ठेवलंय.

तात्यांचा धाकटा भाऊ माझ्या शिफारशीनं शाळेत शिपाई लागला होता. ते मला ठाऊक होतं — त्यांनाही.

“मास्तर म्हणत्यात ते खरं हाय,” तात्या म्हणाले.

गृहस्थ बैलगाडीकडं वळले. तेव्हा तात्या हळूच मला म्हणाले, “माझं नाव न्हाय लावलं, त्याचं काय न्हाय. पोरीचं का पुसलं?”

मी गाडीत जाऊन बसलो.

पुस्तक छापून आलं, माझ्या नावासकट. तात्यांनी बांधावरचं झाड मुळासकट उपटलं, असं त्यांच्या भावानं सांगितलं. पुढच्या उन्हाळ्यात तात्या गेले. त्या गृहस्थांचा पत्ता माझ्याकडं होता. ते पुढं बारा वर्षं हयात होते. एक कार्ड टाकायचं होतं — मी टाकलं नाही.

त्या गुलाबाचं नाव चंद्री. तो दगडूतात्यांनी केला. मी चोरला.