भट्टीशेजारची डिस्क

गडमुडशिंगीची संयोगिता शिरोलीतल्या फौंड्रीत लागली, तेव्हा भट्टीखात्यात बाईमाणूस तीच एकटी. भट्टीभोवतीच्या नळ्यांत गार पाणी फिरतंय की नाही, हे दाखवणारा कंप्युटर तिच्या ताब्यात होता. शेजारी साचे हादरवून फोडणारं यंत्र दिवसभर धडधडायचं. त्या हादऱ्यांनी कंप्युटरची हार्ड डिस्क दोनदा गेली. दुसऱ्यांदा गेली तेव्हा भट्टीत लोखंडाचा रस उकळत होता. पडदा काळा झाला आणि एका नळीतलं पाणी अडलंय, हे भट्टीवाल्या नागाप्पाला अंगावर वाफ आल्यावर कळलं. त्याचा हात कोपरापर्यंत भाजला.

त्या दिवसापासून संयोगिताला घास गोड लागेना.

साल २००९. फिरती तबकडी नसलेल्या, हादऱ्यांना न जुमानणाऱ्या एसएसडी डिस्क कोल्हापुरात नुकत्या दिसू लागल्या होत्या. राजारामपुरीतल्या दुकानदाराने दोन बघायला दिल्या. एक मोठी आणि चपळ. दुसरीत जागा कमी, कामाला मंद. पण वीज अचानक गेली तरी चालू असलेली नोंद पुरी करण्यापुरती वीज ती पोटात राखून ठेवायची.

मालक हंबीरराव चपळ डिस्कवर खूश. "डोळं मिटून ही घे की! जागा बी हाय, फास्ट बी हाय."

"मालक, आपल्याकडं लाईट सांगून जात न्हाय. तेवढं तपासू द्या."

सुट्टीच्या दिवशी ती दोन्ही डिस्क पाळीपाळीने लावून, काम चालू असताना वायर उपटत बसली. मंद डिस्क दरवेळी उठली. चपळही उठत राहिली. हंबीरराव घड्याळ बघू लागले, आणि तेवढ्यात चपळ डिस्क उठलीच नाही.

"इतक्यांदा वायर उपटल्यावर कुठलंबी यंत्र मरणारच की," ते म्हणाले.

संयोगिताने मंद डिस्क उचलली. "निवड माझी. चुकली तर मला बोला."

पुढे महिनाभर पडदा अडखळला की लोक तिच्याकडे बघून कुजबुजायचे.

मग एका दुपारी, भट्टी भरलेली असताना, लाईट गेली. पंप थांबले. जनरेटर धडाडला, पण तो दिव्यांपुरता आणि कंप्युटरपुरताच. वरच्या टाकीतलं पाणी सोडायला नागाप्पा त्याच भाजलेल्या हाताने व्हॉल्व्हपाशी उभा.

"ताई, कुठली नळी? बोला की लवकर!"

पडदा काळाच. मग एक रेघ, मग नळ्यांच्या तापमानाचे आकडे.

"तिसरी! मामा, तिसरी खोला!"

नागाप्पाने चाक फिरवलं. आकडा तरीही चढतच राहिला. मग तो थबकला, आणि हळूहळू उतरू लागला.

हंबीरराव पडद्यापाशी आले. "दुसऱ्या भट्टीलाबी हीच घाल," एवढंच म्हणाले आणि गेले.

नागाप्पाने चहा आणला. कप हातात घेऊनही संयोगिताची नजर आकड्यांवरच होती.

"ठिवा खाली," तो म्हणाला, "गार झाल्यावर प्या."