मंगळवारचं पाणी

लोवेल एनस्टाड खोटं बोलत नाही, हे टॉर्सन सरोवराच्या काठी सगळ्यांनी धरूनच चाललेलं होतं. हा बाबा पकडलेल्या माशाची लांबीसुद्धा खरी सांगायचा, आणि आमच्या विस्कॉन्सिनात माशाची लांबी खरी सांगणं म्हणजे चारचौघांत रंगाचा बेरंग करणं. शेजारीपाजारी हिवाळ्यात फ्लोरिडाला पळाले की त्यांच्या घराच्या किल्ल्या लोवेलच्या भिंतीवर टांगलेल्या असत. बोलणं कमी, काम चोख. अशा माणसाचं एक बरं असतं, त्याच्यावर कुणी संशय घेत नाही. आणि वाईटही तेच असतं.

सरोवराच्या काठाला युनिव्हर्सिटीचं छोटंसं केंद्र आहे. तिथे बावीस वर्षं तो एकच काम करत आला. दर मंगळवारी सरोवराच्या मधोमध, सगळ्यात खोल जागी जायचं. उन्हाळ्यात होडीने, हिवाळ्यात घसरगाडी ओढत बर्फावरून. गिरमिटाने बर्फाला भोक पाडायचं, पाणी वर घ्यायचं, केंद्रावर आणून गाळणकागदातून ओढायचं. मग पाणी फेकून द्यायचं आणि कागद जपून ठेवायचा, असा हा उफराटा धंदा. कागदावर पाण्यातले जंतू बसलेले असतात. त्याची गुंडाळी नळीत घालायची, नळीवर तारीख आणि 'मध्य' असं लिहायचं, आणि नळी डीप फ्रीझरमध्ये. अशा हजारावर नळ्या साठल्या. कित्येक वर्षं त्यांना कुणी विचारलंही नाही. कॅफेत लोक त्याला चिडवायचे, "लोवेल, मुरलं का रे तुझं लोणचं?" तो म्हणायचा, मुरेल.

मग पान्या थाओ आली आणि लोणच्याची बरणी उघडली. वॉसॉ गावच्या मोंग, म्हणजे मूळच्या लाओसकडच्या, घरातली मुलगी, पीएचडी करायला आलेली. चणीने एवढीशी, पण कामाला वाघ. तिने लोवेलला सगळं नीट समजावून सांगितलं. प्रत्येक जंतूत त्याचा जीनोम असतो, म्हणजे लाखो अक्षरांची पोथीच. जंतू दुणावला की पोथीची नक्कल होते, नक्कल करताना एखादं अक्षर चुकतं, आणि ती चूक पुढच्या सगळ्या पिढ्यांत चालत राहते. यंत्राने पोथ्या वाचायच्या, चुका जुळवायच्या, की कोण कुणाच्या वंशातला ते कळतं. आपल्या सरोवरात बावीस वर्षांत कुठली घराणी आली, कुठली बुडाली, कोण कसं बदललं, ते तिला काढायचं होतं. लोवेल म्हणाला, चर्चच्या जुन्या वह्यांतून आमची कुळं काढतात तसंच की. ती म्हणाली, अगदी तसंच, फक्त इथे आजोबा सोमवारचे आणि नातू मंगळवारचा.

दोघांचं गूळपीठ जमलं. तिची आई घरून एगरोल तळून पाठवायची, त्यातले चार लोवेलच्या डब्यात जायचे. तो तिला धुरावलेला मासा द्यायचा. सगळे कागद वाचायला वेळ पुरण्यासारखा नव्हता म्हणून ती दर तिसरा कागद वाचत होती. चार वर्षं गेली त्यात.

आणि एके दिवशी, ऑक्टोबरात, ती नाचतच त्याच्या टेबलाशी आली. एका जातीच्या जंतूंत दोन शाखा होत्या. बावीस वर्षं एकीचंच राज्य. पण पंधरा वर्षांपूर्वीच्या एका हिवाळ्यात, जानेवारीच्या मध्याला होती ती शाखा फेब्रुवारीत नाहीशी, आणि तिच्या जागी दुसरीच ठाण मांडून बसलेली. बर्फ वितळल्यावर पुन्हा पहिली हजर! एका हिवाळ्यात सत्तांतर आणि पुन्हा परत. तिच्या प्राध्यापकाला तर आनंदाचं भरतं आलं होतं. त्यांचा अंदाज असा, की त्या वर्षी सरोवरावर हिम फार साचलं असणार, खाली मिट्ट काळोख झाला असणार, आणि काळोखात तगणाऱ्या शाखेने डाव साधला.

"तुम्ही तर तिथे उभे होतात, लोवेल," ती म्हणाली. "त्या हिवाळ्यात हिम जास्त होतं का हो?"

कुठला हिवाळा ते त्याला सांगावं लागलं नाही.

"होतं," तो म्हणाला. "गुडघाभर. वारा नव्हता ना, त्यामुळे उडून गेलं नाही."

वाऱ्याचं कुणी विचारलं नव्हतं. ते त्याने वरून घातलं. पकडलेल्या माशाला कधी एक बोट लांबी न वाढवणारा माणूस, आणि पहिल्याच थापेला शेपूट लावून मोकळा झाला.

आता त्या हिवाळ्याचं खरं सांगायला हवं. त्या जानेवारीच्या अखेरच्या शनिवारी ड्यूईचा, म्हणजे लोवेलच्या बायकोच्या भावाचा, मासे धरायला बर्फावर नेलेला ट्रक सरोवराच्या मध्यावर एका चिरेपाशी बर्फ फुटून आत गेला. लोवेलने पोटावर सरपटत जाऊन दोर टाकला आणि मेहुण्याला ओढून काढलं. ड्यूई वाचला, आणि आजतागायत लग्नाकार्यात ती गोष्ट रंगवून सांगतो. पण लोवेल जो भ्याला तो भ्यालाच. काठापासून शंभर पावलं गेला की पाय लटपटायला लागायचे. नॉर्वेहून आलेल्या आजोबांचा नातू, पाळण्यातून उतरला तो बर्फावर, त्याने भीती वाटते म्हणून सांगावं कुणाला? मग त्याने काठाच्या धक्क्याशी, जिथे ओढा येऊन मिळतो तिथे, भोक पाडलं, तिथलंच पाणी घेतलं आणि नळीवर लिहिलं 'मध्य'. पुढच्या मंगळवारीही तेच. असे सात मंगळवार. मग बर्फ वितळला, आणि पुढच्या हिवाळ्यापासून तो दातओठ खात का होईना, पुन्हा मध्यापर्यंत जायला लागला. म्हणजे सत्तांतर-बित्तांतर काही नव्हतं. मधल्या जंतूंच्या जागी काठचे जंतू मोजले गेले होते, एवढंच.

इतकी वर्षं त्याने मनाची समजूत घातली होती, की हजारांत सात कागद, त्याने कुणाचं काय वाकडं होणार? आता ज्याचं वाकडं होणार ते माणूस रोज समोर एगरोल खात होतं.

मार्चमध्ये पान्याने प्रबंध लिहून काढला आणि पहिली प्रत कौतुकाने त्याच्या हातात ठेवली. त्या हिवाळ्याचं प्रकरण सगळ्यात मोठं, आणि त्याच्याच जोरावर मिनेसोटातली एक नोकरी तिच्यासाठी जवळपास ठरली होती. तीन आठवड्यांनी परीक्षकांपुढे उभं राहायचं होतं. लोवेलने पानं उलटली. एका ठिकाणी होतं, 'हिमाच्या थराविषयी माहिती : लोवेल एनस्टाड, प्रत्यक्ष संभाषणातून'. आणि अगदी पहिल्या पानावर आभार होते. आईवडिलांचे, आजीचे, आणि 'ज्यांनी बावीस वर्षांत एकही मंगळवार चुकवला नाही, त्या लोवेल एनस्टाड यांचे'.

त्याला वाटलं, हिने कानाखाली मारली असती तर बरं झालं असतं.

खाई त्याला खवखवे म्हणतात ते काही उगाच नाही. घरी आर्डिसने, त्याच्या बायकोने, भट्टीत भाजलेलं बटाट्याचं हॉटडिश वाढलं तर हा काटा घेऊन नुसता बसून. आर्डिस त्रेचाळीस वर्षं संसार केलेली बाई, तिला नवऱ्याचं ताट वाचता येतं. तिने दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा काटा काढून घेतला. मग त्याने सगळं सांगितलं. तिला आधी रागच आला, की माझ्याच भावाला काढलंस आणि मलाच पंधरा वर्षं सांगितलं नाहीस? मग म्हणाली, भ्यालास तर भ्यालास, त्यात काय एवढं.

"पण मला सांगून मोकळा होऊ नकोस," ती म्हणाली. "त्या पोरीला सांग."

तरी त्याने आठ दिवस घालवले. आज तिची तब्येत बरी दिसत नाही, उद्या प्राध्यापक आलेत. नाचता येईना अंगण वाकडं. शेवटी एका दुपारी फ्रीझरच्या खोलीत ती नळ्या लावत होती, तेव्हा तो दारातच उभा राहिला.

"पान्या, तुझ्या पुस्तकातनं माझं नाव काढ."

"का? लाजताय?"

"ते पाणी मधलं नाही. काठचं आहे. धक्क्यापासचं."

तिला आधी कळेचना. मग त्याने ड्यूईच्या ट्रकचं सांगितलं, पायांचं सांगितलं. कुठले कागद, असं तिने विचारलं, तर त्याने सातही तारखा घडाघडा म्हणून दाखवल्या. तीन फेब्रुवारीपासून सतरा मार्चपर्यंत. पंधरा वर्षं त्या तारखा त्याच्या जिभेवर होत्या. पान्या हातातली नळी खाली ठेवून स्टुलावर बसली.

"बर्फाला भ्यालात, ते समजलं मला," ती म्हणाली. "पण ऑक्टोबरात मी तुमच्या टेबलाशी येऊन विचारलं. तिथे कुठला बर्फ होता?"

लोवेलला तोंड वर करवेना. तो म्हणाला, "लाज वाटली."

"बाकीचे हजार कागद खरे आहेत?"

"आहेत. शप्पथ."

"हे मी कशावरून धरू, लोवेल?"

ती उठली आणि त्याच्या बाजूने बाहेर गेली.

परीक्षा पुढे ढकलली गेली, सप्टेंबरवर. मिनेसोटावाल्यांनी थोडे दिवस वाट पाहिली आणि दुसऱ्या कुणाला तरी घेतलं. पान्याने धक्क्याशी जाऊन स्वतः पाणी भरून आणलं, काठचे जंतू वाचले, आणि तिची ती दुसरी शाखा तिथे गुण्यागोविंदाने नांदत असलेली सापडली. मग तिने त्या हिवाळ्यातला एकूण एक कागद वाचायला काढला, आणि बाकीच्या वर्षांतले राहिलेलेही, पण अख्खी पोथी नाही, काठची शाखा ओळखू येण्यापुरती अक्षरं. जिथे काठचे जंतू, तिथे लबाडी. लोवेलने मदत करू का म्हणून विचारलं. ती म्हणाली, नको. एगरोल बंद झाले. प्राध्यापकाने नियम केला की यापुढे पाणी आणायला दोन माणसांनी जायचं. दुसरं माणूस कशासाठी ते सगळ्यांना ठाऊक होतं, लोवेललाही.

गावाने मात्र त्याला पदरात घेतलं. आमच्या गावाचा स्वभावच तो. बर्फाला कोण भीत नाही, असं आता ज्याने त्याने बोलून दाखवलं. चर्चमध्ये पास्टरबाईंनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला. ड्यूई तर कॅफेत सगळ्यांदेखत म्हणाला, "लेका, बुडलो मी आणि भ्यालास तू?" लोक हसले, लोवेलही ओशाळं हसला. जीव वाचवणाऱ्या माणसाची भीती, तिला कोण नावं ठेवणार? हळूहळू त्यालाही वाटायला लागलं की आपण काही अगदीच वाईट नाही. केलं ते चुकलं, पण त्याला कारण होतं. कारण असलेली चूक माणसाला पेलवते.

ऑगस्टच्या एका शनिवारी पान्या त्याच्या घरी आली. तो ओसरीवर गळाच्या दोऱ्या सोडवत बसला होता. ती पायरीवरच टेकली, आत ये म्हटलं तरी आली नाही. पण आवाज निवळला होता. म्हणाली, सगळं वाचून झालं. बाकीच्या वर्षांत कुठेही खोट नाही. तुमच्या शब्दाची गरजच पडली नाही, जंतूंनीच साक्ष दिली. लोवेलच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते त्याने लपवलं नाही.

"फक्त सात नाहीत," ती म्हणाली. "आठ आहेत."

"सातच. तारखा पाठ आहेत मला."

"सत्तावीस जानेवारी. तोही काठचाच आहे. तीनदा वाचला मी."

लोवेलने बोटांवर दिवस मोजले. ट्रक बुडाला शनिवारी, एकतीसला. सत्तावीस म्हणजे त्याच्या आधीचा मंगळवार. चार दिवस आधीचा. तेव्हा ट्रक बुडाला नव्हता, दोर टाकला नव्हता, पाय लटपटले नव्हते. चूक असेल यंत्राची, असं म्हणायला त्याने तोंड उघडलं, आणि तेवढ्यात तो दिवस अख्खाच्या अख्खा त्याच्यापुढे येऊन उभा राहिला. लख्ख ऊन. धक्क्याशी बर्फाला भोक पाडून टाकलेला गळ. दर पाच मिनिटांनी वॉलाय मासा लागतोय, हातभर एकेक. अशा वेळी गळ सोडून मैलभर घसरगाडी कोण ओढत नेणार? त्याने त्याच भोकातलं पाणी बाटलीत भरलं होतं, आणि घरी जाताना शीळ घातली होती. हे तो खरंच विसरला होता, की त्याने स्वतःला विसरायला लावलं होतं, ते आता त्यालाही सांगता येईना. पण पंधरा वर्षं उराशी धरलेली ती भीती या कामाला मागाहून येऊन चिकटली होती, एवढं मात्र त्याला स्वच्छ कळलं. पहिल्यांदा केलं ते काही वाटलं नाही म्हणून केलं.

आत आर्डिस भांडी आवरत होती. ओसरीची खिडकी उघडीच होती, तिला सगळं ऐकू जात असणार. भांड्यांचा आवाज थांबला.

"त्या दिवशी काय होतं, लोवेल?" पान्याने विचारलं.

"मासे लागत होते," तो म्हणाला.

"आणि बर्फ?"

"दीड फूट जाड. काही भीती नव्हती."

तिने पाठकोऱ्या कागदावर तारीख घातली, त्याचे शब्द जसेच्या तसे खाली उतरवले, आणि या वेळी तो कागद सही करायला त्याच्यापुढे धरला.