डांबर संपलं की जयवंता

कोऱ्हाळे बुद्रुकच्या जयवंताला ट्रॅक्टर येतो हे सगळ्या गावाला ठाऊक होतं, पण रस्त्यावर तिला चालवताना कुणी बघितलं नव्हतं. रानात ती रोटर मारायची, सरी सोडायची, चिखलात रुतलेली ट्रॉली मागंपुढं करत बाहेर काढायची. पण बांध ओलांडून चाक डांबराला लागलं, की मडगार्डवर बसलेला नवरा म्हणायचा, "उतर आता." मग ती उतरायची आणि महिपती बसायचा. बाईनं डांबरावर चालवलं तर लोक काय म्हणतील, हे त्याचं म्हणणं. लोकांना विचारायला तो कधी गेला नाही.

जयवंताचं खरं दुखणं होतं वरकुटं. तिचं माहेर तिथं, इंदापूर तालुक्यात. आई बानूबाई थकलेली. आणि माहेरी जायचं ते महिपतीला सवड झाल्यावर. उसाला पाणी चालू असलं की त्याला सवड नसायची. पाणी बंद असलं की ते कधी सुटेल सांगता येत नाही, म्हणून सवड नसायची.

पोरानं, गोकुळनं, एक जुनी फोर बाय फोर जीप घेतली. तो एमआयडीसीत दूध प्रकल्पावर कामाला. रोज जायचा मोटरसायकलवर. जीप अंगणात उभी. जयवंता म्हणाली, "वरकुट्याला मी माझी जाते की."

"डांबरी रस्ता हाय," महिपती म्हणाला.

"मग बिनडांबरी सांगा."

महिपतीनं खूप आठवून बघितलं. पण आपल्या तालुक्यात आता वस्तीला डांबर, पंपहाऊसला डांबर, स्मशानात जायला तर डांबराच्या कडेनं पांढरे पट्टेसुद्धा. बिनडांबरी रस्ता काही सापडेना, आणि याचा त्याला मनातून आनंदच झाला.

पुढं एकदा सून निकिता मोबाईलवर काहीतरी बघत होती. गॉगल घातलेली एक बाई डोंगरातनं, धोंड्यांवरनं जीप चालवत होती. जयवंतानं बाईकडं बघितलं नाही, चाकांखाली बघितलं.

"निकिता, ह्यो रस्ता कुठं हाय?"

"हिमाचलात, आई. स्पितीकडं. लोक मुद्दाम जातात तिकडं गाड्या चालवायला."

"डांबर न्हाय तितं?"

"अजिबात न्हाय."

"मग तितं जायचं," जयवंता म्हणाली आणि पीठ मळायला गेली.

त्या जेवणात करार झाला. डांबर असेल तोवर महिपती. डांबर संपलं की जयवंता. आणि तो डोंगर तिनं नीट पार केला, तर वरकुट्याला तिनं एकटीनं जायचं, मग रस्ता डांबरी असो नाहीतर चांदीचा. महिपतीनं 'व्हय' म्हटलं, कारण बायको नाशिकपासून माघारी फिरेल याची त्याला खात्री होती.

निघताना सावळारामतात्या आडवा आला. "महिपती, काशीला का?"

"न्हाय. डोंगरात गाडी चालवायला."

तात्यानं जीपकडं बघितलं, दोघांकडं बघितलं. "आपल्याकडं खड्डं कमी पडलं व्हय?"

गाडीत भाकरी होत्या, ठेचा होता, पाण्याचे कॅन होते आणि महिपतीचं फावडं होतं. फावड्याशिवाय तो लग्नालाही जात नाही.

नाशिक गेलं, जयवंता फिरली नाही. मध्यप्रदेश गेला, राजस्थान गेलं. महिपती गाडी थांबवून दुसऱ्यांच्या शेतात शिरायचा आणि पाणी कसं द्यायचं ते त्यांना मराठीत सांगायचा. हरियाणात एका ऊसवाल्यानं सगळं ऐकून घेऊन त्याला पेलाभर ताक पाजलं. जयवंता डाव्या सीटवर बसून रस्ता बघायची. रस्ता जेवढा चांगला, तेवढं तिचं तोंड उतरायचं.

मनाली मागं पडल्यावर एकदाचं डांबर संपलं. महिपती थांबला नाही.

"डांबर संपलं," ती म्हणाली.

"कुठं संपलं? ते बग." पुढं ताटाएवढा एक काळा तुकडा होता.

तो गेल्यावर ती परत म्हणाली, "आता?"

"हितं पन होतं. वाहून गेलंय. मूळचा रस्ता डांबरी हाय."

"मूळची आपली जमीन बी जंगल हुती."

महिपती गाडी थांबवून खाली उतरला. बुटाच्या टोकानं माती उकरली, त्यातनं काहीतरी काळं निघालं. त्यानं ते हातात घेऊन दाखवलं. "हे काय हाय मग?"

"खेचराची लीद हाय ती."

त्यानं वास घेतला, हात विजारीला पुसला आणि परत स्टिअरिंगवरच बसला. जयवंता पुढचा तासभर बोलली नाही. तिच्या लेखी आता वरकुटं ह्याच डोंगरात कुठंतरी अडकून पडलं होतं.

पुढं रस्त्यावर आडवं पाणी आलं. वरनं बर्फ वितळून आलेला ओढाच रस्ता ओलांडत होता. अल्याड दिल्लीच्या, बंगळूरच्या मोटरसायकली आणि जीपा रांगेनं थांबलेल्या. माणसं हेल्मेटं आणि गुडघ्याला ढाली लावून फोटो काढत होती. महिपतीनं जीप रांगेच्या कडेला, जरा खाली एका कोरड्या ओघळीत लावली आणि रस्त्याच्या कामावरच्या एका पहाडी माणसाला विचारलं, "ये पानी उपर से कोन छोडा?"

"कोई नहीं, बाबूजी. धूप से बर्फ पिघलती है. सुबह कम रहता है."

महिपतीनं बायकोला समजावून सांगितलं, "दुपारची पाळी हाय. सकाळी बंद असतंय."

आपल्याकडं उसाला पाणी देताना एका सरीचं तोंड मातीनं बांधतात आणि पाणी दुसऱ्या सरीत वळवतात. त्याला दारं धरणं म्हणतात. ह्या दोघांनी लग्न झाल्यापासून दुसरं काही केलेलं नव्हतं. दोघंही ओढ्याकडं बघत उभे राहिले. अबोला होता, पण असं वाहतं पाणी नुसतं बघत बसणं दोघांनाही जमेना.

"त्या थोरल्या धोंड्याच्या वर बांधलं तर निम्मं पानी ह्या कोरड्या ओघळीत पडंल," ती म्हणाली.

"मी तेच म्हनत होतो," तो म्हणाला. तो काहीच म्हणत नव्हता.

महिपती फावडं घेऊन धोंड्यांवरनं उड्या मारत पल्याडच्या काठाला गेला आणि तिकडनं बांध घालू लागला. जयवंता अल्याडनं दगड लावत गेली. कुणी कुणाला काही सांगितलं नाही. तो खडी ओढायचा तिथं तिचा दगड आधीच पडलेला असायचा. हळूहळू रस्त्यावरचं पाणी मांडीवरनं नडगीवर आलं. हेल्मेटवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. महिपतीनं पलीकडनं फावडं वर करून नमस्कार केला.

तेवढ्यात एक दिल्लीवाला म्हणाला, "आंटी, वो जीप किसकी है?"

वळवलेलं पाणी कोरड्या ओघळीतनं खाली गेलं होतं आणि ओघळीत यांचीच जीप उभी होती. घरच्या रानात सरी कुठं संपते ते झोपेतही माहीत असतं. पाणी सोडून पुढं बघायला कशाला जायचं? इथंही कुणी गेलं नव्हतं. पाण्यानं मागच्या चाकाखालची खडी खायला सुरुवात केली होती आणि जीप हळूच एका अंगावर झुकत होती.

महिपती पलीकडच्या काठावर, मधे पाणी, किल्ली जीपला. "थांब, मी आलो," तो ओरडला. बांधावर पाय टाकला तर बांध ढासळायला लागला. तो परत काठावर गेला.

जयवंता तोवर आत बसली होती.

तो दोन्ही हातांनी खुणा करू लागला: मागं घे, मागं घे, डावीकडं. ट्रॅक्टरला करायचा त्याच. तिनं त्याच्याकडं बघितलं, मग पाण्याकडं बघितलं आणि बारका गिअर टाकून सरळ पुढं निघाली. ओघळीतनं वर, रस्त्यावर आणि तशीच ओढ्यात. मधोमध चाक धोंड्यावर चढलं, जीप कलली, इंजिन ठसकलं. पण पाय ढिला केला की गाडी बसते, हे तिला कधीचं चिखलानं शिकवलेलं. तिनं पाय हलवला नाही. जीप धापा टाकत पल्याड चढली आणि महिपतीच्या पुढ्यात येऊन थांबली.

त्यानं सवयीनं उजवं दार उघडलं. "सरक."

"डांबर दिसतंय का कुठं?"

त्यानं खरोखरच चारीकडं बघितलं. मग पलीकडनं वळसा घालून डाव्या सीटवर बसला, फावडं मांडीवर घेऊन.

मागनं बाकीच्या गाड्या तिच्याच चाकोरीतनं येऊ लागल्या. थोड्या वेळानं तो म्हणाला, "पानी मी वळवलं म्हनून निगाली."

"व्हय. गाडीखाली पन तुमीच वळवलं."

डोंगर ओलांडणाऱ्या खिंडीपर्यंत त्यानं नसलेला ब्रेक इतक्यांदा दाबला की पायात गोळे आले. एका वळणाला डोळेच मिटले.

"डोळं उगडा. दरी तुमच्या बाजूला हाय. चाकाला किती जागा हाय ते सांगा."

"हाय."

"किती?"

"हाय म्हनलं ना."

गावात परत आल्यावर त्यानं करारातनं निसटायचा एकदा प्रयत्न करून बघितला. डोंगरात उसाच्या ट्रॉल्या नव्हत्या, म्हणाला. हितल्या ट्रॉल्या अंगावर येतात. जयवंतानं वाद घातला नाही. सकाळी लुगड्याचा पदर खोचला, किल्ली घेतली, म्हणाली, "भाकरी झाकून ठिवल्यात." जीप अंगणातनं मागं घेताना महिपती आपसूक पुढं झाला आणि हातानं खुणा करू लागला: मागं, मागं, डावीकडं. ह्या वेळी तिनं त्याच्या खुणेप्रमाणं घेतली. खांबाला जीप लागता लागता राहिली.

बारामती ओलांडून, इंदापूरच्या रस्त्याला लागून, उसाच्या ट्रॉल्यांच्या मागनं ती वरकुट्याला पोचली. हॉर्न ऐकून बानूबाई भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या आणि डाव्या दारापाशी उभ्या राहिल्या. गाडीतनं आलेली बाई त्याच दारातनं उतरते, हे त्यांना ठाऊक. दार उघडेना.

"आई, हिकडनं."

म्हातारी बॉनेटला हात लावत लावत पलीकडं आली. लेकीवरनं तुकडा ओवाळला, टाकला. मग आत वाकून बघितलं. "पाव्हनं कुठं हायत?"

"घरी. उसाला पानी हाय."

"एकटी आलीस?"

"व्हय."

 बानूबाई परत बॉनेटला वळसा घालून डाव्या दाराशी गेल्या. "आधी चहा घिऊ की," जयवंता म्हणाली.

"चहा सारजाकडं घिऊ," म्हातारी म्हणाली. सारजा म्हणजे धाकटी लेक, चार कोसांवर दिलेली. "मला तितं न्यायला कुनाला सवडच न्हाय म्हनत्यात." आणि हातातला तांब्या तसाच घेऊन त्या आत चढून बसल्या.