हिलालनानांचे तीन पावसाळे

शिंदखेडा तालुक्यातल्या आमच्या गावात हिलालनाना शाळेचे शिपाई. पण पगाराच्या कामापेक्षा त्यांचं नाव झालं ते पर्जन्यमापकामुळे. शाळेच्या आवारातल्या त्या डब्यात किती पाऊस पडला, ते रोज सकाळी साडेआठला मोजून वहीत लिहायचं. एकतीस वर्षं लिहिलं नानांनी! बायको पुष्पाबाई वैतागून म्हणायची, "तुमनी त्या डबालेच माळ घालानी व्हती!"

असा माणूस खोटं लिहील, असं कुणी म्हटलं असतं तर गावाने त्यालाच वेड्यात काढलं असतं. पण लिहिलं. ओळीने तीन पावसाळे. झालं असं, की शेजारच्या गावांत दुष्काळ जाहीर झाला आणि आमच्याकडे पाऊस जरासा जास्त म्हणून आम्ही सरकारी मदतीवाचून कोरडेच राहिलो. चार वजनदार माणसं नानांच्या ओट्यावर येऊन बसली. "नाना, थोडं कमी लिखा ना. कोनं काय जास?" नाना विरघळले. चाळीस मिलिमीटरचे पंचवीस केले. गावाला मदत मिळाली, पेढेही वाटले गेले. नानांना मात्र तेव्हापासून अन्न गोड लागेना.

त्यांची पुतणी कामिनी. आईबाप लहानपणीच गेले, नानांनीच तिला वाढवलं, शिकवलं. ती आता पुण्यात संशोधन करते. तिथे महासंगणक आहे. माणसाला जन्मभर पुरेल एवढी आकडेमोड तो चुटकीसरशी करतो म्हणे. बुराई नदीच्या खोऱ्यात कुठे किती पाऊस पडेल, हे त्यावर मांडायचं, म्हणजे पुराच्या आधी गावं हलवता येतील, असं तिचं काम.

दिवाळीत आली ती उतरलेल्या तोंडानेच. जेवताना म्हणाली, "नाना, दोन वर्षं झाली. सगळं खोरं जुळतं, फक्त आपल्या गावाशी येऊन बिघडतं. तीन वर्षं यंत्र जास्त पाऊस दाखवतं आणि तुमची वही कमी. माझे मार्गदर्शक सर म्हणाले, गावच्या नोंदी तपास. मी भांडले त्यांच्याशी! म्हटलं, यंत्र चुकेल, माझे नाना नाही चुकणार. सहा महिने माझंच गणित मोडून पुन्हा मांडतेय. आता सर म्हणतात, विषयच सोड."

नानांच्या हातातला घास हातातच राहिला. आपल्या पापाचं ओझं ही पोर वाहत होती, आणि वर आपलाच अभिमान बाळगत होती. लाज लाज वाटली त्यांना.

"यंत्र बरोबर शे, बेटा," ते म्हणाले, आणि सगळं सांगून टाकलं.

कामिनीने ताट बाजूला सारलं, लॅपटॉप उघडला. "ती तीन वर्षं काढते. बाकीची अठ्ठावीस खरी आहेत ना? तुम्ही हो म्हणा, मी ठेवते."

हो म्हणणं किती सोपं होतं! पण तापाने फणफणले असताना अंदाजाने लिहिलेले दिवस होते, लग्नकार्याला गेल्यावर मागाहून भरलेले होते. थोडेच, पण कुठले, ते आता देवालाच ठाऊक. पोरगी त्या एका शब्दासाठी त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

"बठ्ठं खोडी टाक, एकतीसना एकतीस वर्षं," नाना म्हणाले.

कामिनी रडत रडत खोडू लागली, आणि नाना तिच्या शेजारी बसून एकेक वर्ष जाताना बघत राहिले.