कांचनची खाज आणि मंगळागौरीची फुगडी

चंदीगडात मराठी माणसाला लपायला जागा नाही. शहर ऐसपैस, पण मराठी माणसं मोजकी आणि त्यातली निम्मी डॉक्टर. तुम्ही म्हणाल, काय सोय आहे! कांचन मुजुमदारला विचारा.

कांचन मूळची सांगलीची. नवरा बाळकृष्ण सेक्टर तीसच्या प्रयोगशाळेत नाजूक उपकरणं बनवतो आणि घरचा मिक्सर बिघडला की शेजाऱ्यांना हाक मारतो. कांचनचा आवाज मात्र अजिबात नाजूक नाही. स्वयंपाकघरात ती कुजबुजली तरी दोन घरं पलीकडच्या सरदारजींना आज वांगं आहे हे कळतं. तिथल्या मराठी मंडळाच्या मंगळागौरीत तिची फुगडी म्हणजे मुख्य आकर्षण. जोडीदारीण डॉक्टर विनया, स्त्रीरोगतज्ज्ञ. दोघी फिरू लागल्या की पहिल्या रांगेतल्या बायका पर्सा मांडीवर घट्ट धरतात.

यंदा मंगळागौर तोंडावर आली आणि कांचनला खाज सुटली. योनीत, भलत्याच ठिकाणी. लघवीला आग आणि अंगावरून दह्याच्या गाठींसारखं पांढरं जायला लागलं. तालमीत तर तिने गरागरा फिरताना मध्येच हात सोडले. विनया थेट अध्यक्षीण शालिनीताईंच्या मांडीवर जाऊन बसली.

"कांचन, झेपत नसेल तर सांग," शालिनीताई म्हणाल्या. "संपदाला उभी करते."

संपदा! जिला झिम्म्यातही धाप लागते!

घरी बाळकृष्ण म्हणाला, "अगं, विनयाला दाखव की."

"अहो, तिचे हात धरून फुगडी घालते मी! तिच्याकडे हळदीकुंकवाला जाते! तिला हे दाखवू?"

मग घरगुती उपाय झाले. दुकानातल्या मुलीने गळ्यात मारलेलं सुवासिक वॉश आणलं. त्याने आग दुप्पट झाली. शेवटी कांचनने स्कूटर काढली आणि जिथे मंडळाचं कुणीही फिरकत नाही अशा शहराबाहेरच्या खरड गावाला गेली. एका छोट्या क्लिनिकात तिने पंजाबी बायकांचं असतं तसं नाव लिहून दिलं, 'कमलेश'. दारावरची पाटी वाचण्याइतकी उसंत कुणाला होती!

"कमलेशजी, अंदर आ जाओ," नर्सने पुकारलं.

कांचन पडदा सारून आत गेली. समोर विनया.

"सत श्री अकाल, कमलेशजी," विनया चष्म्यावरून बघत म्हणाली.

"तू इथं काय करतेस गं?"

"दर गुरुवारी बसते इथं. बाहेर हातभर पाटी आहे. आता आलीच आहेस तर झोप टेबलावर."

तपासून झाल्यावर विनयाने हात धुतले. "बुरशीचा संसर्ग आहे. ही बुरशी थोडीफार बहुतेकींच्या अंगात असतेच. तिथले चांगले जिवाणू तिला ताब्यात ठेवतात. मध्यंतरी काही गोळ्या घेतल्यास?"

"दाढ दुखत होती. ह्यांच्या अँटिबायोटिक उरल्या होत्या. वाया गेल्या असत्या!"

"नवऱ्याचा शर्ट उरला तर घाल, गोळ्या नको! त्या गोळ्यांनी चांगले जिवाणू मेले आणि बुरशीला रान मोकळं झालं. वर तू तालमीच्या घामट लेगिंग्ज घालून संध्याकाळपर्यंत पोळ्या लाटतेस."

"पण मी स्वच्छ धुवत होते. आतूनसुद्धा."

"आतून काही धुवायचं नसतं. ती जागा स्वतःला साफ ठेवते. बाहेरून साधं पाणी पुरे. अजून काय पराक्रम केलास?"

"चमचाभर दही..."

"खाल्लंस?"

कांचन छताकडे बघू लागली.

"ते कढीत घालत जा, बाई."

कांचनचा आवाज पहिल्यांदाच खरोखर बारीक झाला. "विनया, मी घाणेरडी आहे का गं?"

"वेडे! बहुतेक बायकांना आयुष्यात कधीतरी होतंच हे. या गोळ्या रात्री योनीत ठेवायच्या, हे मलम बाहेरून. बरं वाटलं तरी मध्येच सोडायच्या नाहीत. सुती, सैल कपडे घाल, घाम आला की बदल. रक्तातली साखर तपासून घे, ती वाढली तरी बुरशीचं फावतं. आणि पुन्हा खाज आली तर मनाने औषध घेऊ नकोस. प्रत्येक खाज बुरशीचीच असते असं नाही."

साखर व्यवस्थित निघाली. आग विझली, खाज ओसरली. तरीही कांचनने गोळ्या इमानाने पूर्ण केल्या.

मंगळागौरीला दोघी सुती नऊवारीत उभ्या राहिल्या. संपदा कडेला आशेने ताटकळत होती. फुगडी सुरू झाली, पंख्यापेक्षा जास्त वारा सुटला.

"कसं आहे आता?" विनयाने फिरता फिरता हळूच विचारलं.

"गेली!" कांचन सांगलीच्या आवाजात ओरडली.

गाणं थांबलं. शालिनीताईंनी विचारलं, "काय गेली गं?"

कांचन धापा टाकत उभी राहिली. चप्पल म्हणता आलं असतं, पिन म्हणता आलं असतं. पण एवढ्या फिरण्यानंतर खोटं सुचायला डोकं जागेवर लागतं.

"खाज! खालची! हिच्या औषधाने गेली."

मग शालिनीताईंनी पदर सावरला आणि अध्यक्षीय आवाजात विचारलं, "विनया, उद्या तुझं इथलं क्लिनिक उघडं आहे ना? नाही, मलाच दाखवायचंय."

"मलापण," कडेवरून संपदा म्हणाली.

"सगळ्या या गं," कांचनने विनयाचे हात पुन्हा पकडले, "पण आधी सरका मागं, आमची अजून अर्धी राहिलीय!"